मरळ : पाण्याखालून केलेली काही निरीक्षणे

मरळ हा मासा आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे तो बाजारातला. घमेल्यातल्या वीतभर पाण्यात वळवळणारा, सापासारख्या डोक्याचा, सकाळी पकडलेला असला तरी संध्याकाळपर्यंत जिवंत राहणारा आणि म्हणूनच रोहू-कटल्यापेक्षा चढ्या भावाने विकला जाणारा. त्याच्याविषयीचे आपले ज्ञान बाजारात सुरू होते आणि कालवणाशी संपते. त्याला काही विशेषणेही आपण चिकटवून ठेवली आहेत. मरळ क्रूर असते, खादाड असते, इतकेच नव्हे तर स्वतःची पिल्लेही खाते, असे सांगणारे लोक गावोगाव भेटतात. परंतु ज्या पाण्यात हा मासा जन्मतो, वाढतो आणि शिकार करतो, त्या पाण्यात उतरून त्याला पाहिलेली माणसे थोडी.

गेली दोन वर्षे गावाजवळच्या एका जुन्या दगडखाणीत डुबक्या मारून मी या माशाचे निरीक्षण करीत आलो आहे. त्यांतील काही निरीक्षणे प्रस्तुत लेखात मांडली आहेत. मी प्राणिशास्त्राचा विद्यार्थी नाही. म्हणून जे डोळ्यांनी पाहिले ते आणि जे ग्रंथांतून पडताळून घेतले ते, या दोहोंची सरमिसळ होऊ नये असा प्रयत्न केला आहे.

जागा आणि पद्धत

आमचे गाव सांगली जिल्ह्यात, कृष्णेच्या खोऱ्यात आहे. गावाच्या माळावर रस्त्याच्या कामासाठी काळा दगड काढलेली एक खाण आहे. दगड काढणे थांबले आणि पावसाच्या व झऱ्यांच्या पाण्याने ती भरली. सर्वांत खोल भागी पंधरा फूट पाणी असते. कडेला मात्र दगड काढताना राहिलेल्या पायऱ्या आहेत. त्यांवर तीन ते आठ फूट पाणी, शेवाळ, हायड्रिला आणि एका कोपऱ्यात पाणकणसाचे बेट आहे. पावसाळ्यात शेजारचा ओढा चढला की त्याचे पाणी एका खाचेतून खाणीत येते. मरळ त्याच वाटेने आली असावी. ओल्या गवतातून थोडे अंतर सरपटत जाणेही तिला अवघड नाही.

खाणीच्या कडा दगडी असल्याने काळ्या मातीचा गाळ फारसा उतरत नाही. आषाढातल्या मोठ्या पावसात पाणी गढूळ होते, पण श्रावणात उघडीप मिळाली की आठवडाभरात सहा-सात फुटांपर्यंतचे दिसू लागते. मार्गशीर्ष-पौषात ते सर्वांत स्वच्छ असते.

साधने अगदी साधी होती : डोळे व नाक झाकणारा काचेचा मास्क, स्नॉर्केल म्हणतात ती वाकडी नळी, इंच-फुटांच्या खुणा केलेली काठी, आणि लिहिण्यासाठी प्लॅस्टिकचा पांढरा पत्रा. त्यावर शिसपेन्सिलीने पाण्याखालीही लिहिता येते. १९४३ साली झाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां या दोन फ्रेंच गृहस्थांनी पाठीवरच्या नळकांड्यातील हवा हवी तेव्हा व हव्या त्या दाबाने पुरविणारे यंत्र सिद्ध केले, आणि पाण्याखालच्या निरीक्षणाचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले. आमच्या खाणीत त्याची गरज नव्हती. आठ फुटांवर श्वास रोखून अर्धा-पाऊण मिनिट थांबता आले तरी पुष्कळ दिसते.

येथे एक इशारा देणे आवश्यक वाटते, कारण हा लेख वाचून कोणाला विहिरीत उतरण्याचा मोह होईल. माणसाला श्वास घ्यावासा वाटतो तो प्राणवायू कमी पडल्यामुळे नव्हे, तर रक्तातील कर्बद्विप्राणिल वायू वाढल्यामुळे. बुडी मारण्यापूर्वी मुद्दाम भराभर खोल श्वास घेतले तर हा वायू कमी होतो, श्वासाची ओढ उशिरा लागते, आणि ती लागण्याआधीच प्राणवायू संपून माणूस पाण्यात बेशुद्ध पडू शकतो. चांगले पोहणारेच असे दगावतात. मी प्रत्येक वेळी काठावर पोहता येणारा सोबती बसवून मगच पाण्यात उतरलो.

पाण्याखालचे पाहणे आणि ऐकणे

पाण्याखाली डोळे जे सांगतात ते जसेच्या तसे मानता येत नाही. पाण्यातून निघालेला प्रकाशकिरण मास्कच्या काचेतून हवेत शिरताना वाकतो. त्यामुळे वस्तू असते त्यापेक्षा सुमारे एकतृतीयांशाने मोठी दिसते आणि चार हातांवर असलेली वस्तू तीन हातांवर असल्याचा भास होतो. म्हणजे दोन फूट भासणारी मरळ प्रत्यक्षात दीड फुटाची असते. मासे मारून आलेल्यांच्या गोष्टींत मासा मोठा का होतो, याची इतर कारणे आपल्याला ठाऊक आहेत. पण बुडी मारणाऱ्याच्या बाबतीत निदान एक कारण भौतिकशास्त्रीय आहे! यावर उपाय म्हणून खुणांची काठी मी पायरीवर ठेवून देत असे. मासा तिच्या शेजारी आला की काठी आणि मासा दोन्ही सारख्याच प्रमाणात मोठे दिसतात, आणि मोजमाप खरे येते.

रंगांचेही तसेच. पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते. पृष्ठभागावर लालभडक दिसणारी वस्तू खोल पाण्यात तपकिरी, काळपट होत जाते. हा मुद्दा पुढे पिल्लांच्या संदर्भात उपयोगी पडेल.

तिसरी गोष्ट ऐकण्याची. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने जातो, म्हणजे हवेतल्या वेगाच्या चौपटीहून अधिक. आवाज कोणत्या बाजूने आला हे आपण बव्हंशी दोन कानांवर तो पोहोचण्यातील सूक्ष्म अंतरावरून ठरवितो. पाण्यात हे अंतर इतके घटते की दिशाच कळत नाही. मरळीने झडप घातल्याचा 'टप्' असा आवाज मी कितीदा तरी ऐकला आणि प्रत्येक वेळी तो डोक्याच्या आतच झाल्यासारखा वाटला.

आणि मासा आपल्याकडे कसा पाहतो? पाण्याखालून वर पाहिले तर बाहेरचे सारे जग सुमारे ९७ अंशांच्या एका गोल झरोक्यात एकवटलेले दिसते. त्या गोलाबाहेर पृष्ठभाग आरशासारखा असून त्यात तळाचे प्रतिबिंब दिसते. काठावर उभा राहिलेला माणूस त्या झरोक्याच्या कडेला, आखडलेला पण स्पष्ट दिसतो. तोच माणूस खाली बसून मागे सरकला की जवळजवळ नाहीसा होतो. जुने मासेमार काठावर वाकून का चालतात, याचे उत्तर मला पाण्यात पाठीवर पडून वर पाहताना मिळाले.

ओळख

मरळीच्या कुळाला इंग्रजीत 'स्नेकहेड' म्हणजे सर्पशीर्ष म्हणतात. डोक्यावर मोठे खवले असतात आणि डोके वरून चपटे असते, त्यावरून हे नाव पडले. जुन्या ग्रंथांत या प्रजातीस 'ऑफिओसेफॅलस' असे ग्रीक नाव आहे. त्याचाही अर्थ तोच. आज तिला 'चन्ना' म्हणतात. आमच्या खाणीतील मरळ म्हणजे 'चन्ना स्ट्रायटा'. ब्लॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १७९३ साली तिचे वर्णन केले. तिची मोठी बहीण 'चन्ना मरुलियस' आणि जेमतेम वीतभर वाढणारा भाऊबंद 'चन्ना गाचुआ' यांची वर्णने फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेतील माशांवरील आपल्या ग्रंथात केली.

पाण्यात मरळ ओळखावी ती तिच्या स्थिरतेवरून. इतर मासे सतत हलत असतात. मरळ पायरीवर एखादे लाकूड पडावे तशी पडलेली असते. पाठ काळपट हिरवी, पोट पांढुरके, कुशीवर तिरपे काळे पट्टे. पाठीवरचा व पोटाखालचा पर लांबलचक आणि काट्यांवाचूनचा, शेपूट गोल. तोंड डोळ्याच्याही मागेपर्यंत फाकलेले, आणि आत सुळ्यासारखे दात.

श्वासासाठी वर येणारा मासा

मरळीला कल्ले आहेत, पण तेवढ्यावर तिचे भागत नाही. कल्ल्यांच्या वर, डोक्याच्या दोन्ही बाजूंना रक्तवाहिन्यांचे अस्तर असलेला एकेक कप्पा असतो. मरळ पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेते, ती हवा या कप्प्यांत भरते आणि तिच्यातील प्राणवायू रक्तात जातो. ही सोय केवळ अडचणीच्या वेळेची नाही. पूर्ण वाढलेल्या मरळीला वर येऊ दिले नाही तर ती पाण्यात बुडून मरते. रात्रभर खोल पाण्यात लावलेल्या जाळ्यात अडकलेली मरळ सकाळी मेलेली सापडते ती यामुळे. उलट पाण्याबाहेर, कातडी ओली राहिली तर, ती तासन्‌तास जगते. तळे आटले तर चिखलात रुतून ती दिवस काढते. बाजारातील घमेल्याचे रहस्य ते हेच.

मी या वर येण्याच्या वेळा घड्याळ लावून नोंदविल्या. थंडीच्या दिवसांत सकाळी एक घोट पंधरा मिनिटेही पुरे. उन्हाळ्याच्या दुपारी तीच मरळ चार-पाच मिनिटांनी वर येई. याचे कारण समजण्यासारखे आहे. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो आणि त्याच वेळी माशाच्या शरीराची गरज मात्र वाढते. वर येतानाची तिची सावधगिरी पाहण्यासारखी असते. ती सरळ वर येत नाही. पाणकणसाच्या देठांजवळ सरकते, क्षणभर थांबते, तोंडातून दोन-चार बुडबुडे सोडते, झटकन्‌ वर जाऊन घोट घेते आणि त्याच झटक्यात वळून खाली येते. पृष्ठभागाशी असताना तिला खालचे दिसत नाही व वरचा शत्रू जवळ असतो. शिकाऱ्याच्या आयुष्यातला हा दुबळा क्षण आहे.

त्या खाणीत श्वासासाठी वर जाणे भाग असलेले मोठे प्राणी दोनच : मरळ आणि मी. इतर मासे माझ्यापासून दूर राहत. मरळ मात्र, मी दगडाची कपार धरून निश्चल पडलो, तर हातभर अंतरावर येऊन थांबे. थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आले की तिला माझी भीती वाटते ती आकाराची नव्हे, हालचालीची. माशांच्या कुशीवरील संवेदनरेषेला पाण्यातील बारीक लाट कळते. पाय हलला की मरळ गेली.

शिकार

शिकारी मासा म्हणजे पाठलाग करणारा मासा अशी आपली समजूत असते. मरळ पाठलाग करीत नाही. ती दबा धरते, आणि दबा धरूनच पुढे सरकते. हे दुसरे वाक्य प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाही.

पौषातल्या एका सकाळी सहा फुटांवरच्या पायरीवर चिलापीची बोटभर पिल्ले शेवाळ टिपत होती. मरळ त्यांच्यापासून चार हातांवर होती. शरीर अगदी ताठ. फक्त छातीचे दोन पर पंख्यासारखे हळूहळू हलत होते आणि पाठीवरच्या लांब परावरून पुढून मागे एक बारीक लहर जात होती. ती हलते आहे हे मला तिच्याकडे पाहून कळले नाही. तिच्या मागचा दगड दिसू लागला तेव्हा कळले. चार हात पार करायला तिला मी तीनदा वर जाऊन येईपर्यंतचा वेळ लागला. वीतभर अंतर राहिले तेव्हा शेपटीकडचा भाग किंचित वाकला, आणि पुढे काय झाले ते डोळ्यांना दिसलेच नाही. 'टप्' असा आवाज, थोडा गाळ उडालेला, आणि मरळ होती तेथून हातभर पुढे.

येथे दात दुय्यम आहेत. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पटींनी घन आहे. मिटल्या तोंडाने पुढे झेपावणारा मासा आपल्यापुढचे पाणी ढकलतो आणि त्या पाण्याबरोबर भक्ष्यही पुढे ढकलले जाते. म्हणून मरळ अगदी शेवटच्या क्षणी तोंड व घसा एकदम फुगविते. आत पोकळी निर्माण होते, पाणी आत धावते आणि त्याबरोबर भक्ष्य. दातांचे काम ते निसटू न देण्याचे. ही ओढ फार थोड्या अंतरावर चालते, म्हणून वीतभर जवळ येण्यासाठी एवढा संयम.

मी पाहिलेल्या झडपांपैकी निम्म्याहून अधिक फुकट गेल्या. फुकट गेल्यावर मरळ पुन्हा धावली असे एकदाही झाले नाही. ती वळून आपल्या जागी जाई. पोट भरल्यावर तर ती दुपारभर पडून राही, आणि चिलापीची तीच पिल्ले तिच्या तोंडासमोर दोन हातांवर चरत. 'खादाड' हे विशेषण येथे बसत नाही. मासे, झिंगे, बेडूक, पाणकिडे असे जे मिळेल ते ती खाते, पण लागेल तेवढेच.

तांबडा गोळा

मरळीचा विणीचा हंगाम पावसाळ्याचा. पहिल्या श्रावणात पाणकणसाच्या बेटाजवळ हायड्रिलामध्ये दीड फूट रुंदीची एक स्वच्छ गोल जागा दिसली. झाडोरा बाजूला सारून नर-मादीने ती मोकळी केली होती. दुसऱ्या सकाळी त्या गोलात पिवळसर, मोहरीहून थोडी लहान अंडी तरंगत होती. अंड्यात तेलाचा थेंब असतो म्हणून ती तरंगतात. जोडी त्यांच्याखाली होती. उबदार पाण्यात अंडी एक-दीड दिवसात फुटतात. निघालेली पिल्ले पोटाजवळच्या बलकावर तीन-चार दिवस काढतात आणि मग पोहू लागतात.

यानंतरचे दृश्य मासेमारांच्या परिचयाचे आहे. शेकडो पिल्लांचा एक तांबडा गोळा पाण्यावरून सरकू लागतो. ठराविक वेळाने सगळी पिल्ले हवेसाठी वर येतात, तेव्हा तेवढ्याच जागेवर बारीक पाऊस पडावा तसे पाणी उडते. काठावरून हे तांबडेपण स्पष्ट दिसते. परंतु मी खाली जाऊन वर पाहिले तेव्हा तांबडा रंग कोठेच नव्हता. उजेडासमोर एक काळपट ढग आणि त्याच्या खाली, किंचित मागे, दोन मोठ्या सावल्या. एक सावली गोळ्याखालून हलत नसे, दुसरी भोवती फिरत असे. पहिली हवेसाठी वर गेली की दुसरी तिच्या जागी येई. नर-मादी बाहेरून सारखीच दिसतात. अंगावरच्या ओरखड्यांवरून मी त्यांना वेगळे ओळखू लागलो.

ज्या मरळीने पौषात मला हातभर अंतरावर सहन केले होते, तीच आता मी आठ फुटांवर असतानाच अंगावर धावून आली. तोंड उघडून ती मास्कपासून वीतभरावर थांबली. मी मागे सरकलो, तीही मागे गेली. पुन्हा पुढे झालो, पुन्हा धावली. चिलापी, बेडूक, पाणसाप, जे गोळ्याजवळ येईल त्याच्यावर ती अशीच धावे. यांपैकी कशालाही तिने गिळल्याचे मी पाहिले नाही. हाकलून लावले की काम संपले.

पिल्ले खाण्याच्या आरोपाचे काय? महिनाभरात दोन्ही मासे त्या गोळ्यातून असंख्य वेळा आरपार गेले. पिल्लू तोंडात घेतलेले दिसले नाही. तरीही ही समजूत अगदीच निराधार नाही. तिला दोन मुळे असावीत असे वाटते. एक म्हणजे, वर उल्लेखिलेल्या गाचुआ जातीत नर अंडी व पिल्ले आपल्या तोंडात सांभाळतो. असा नर पकडून कोणी त्याचे तोंड उघडले, तर 'हा पिल्ले खात होता' असाच निष्कर्ष निघणार. दुसरे म्हणजे, गोळा फुटल्यावर जी पिल्ले भराभर वाढतात ती मागे राहिलेल्या भावंडांना खातात; मरळ पाळणाऱ्यांना म्हणूनच पिल्ले आकारानुसार वेगळी करावी लागतात. म्हणजे भावंडांवरचा आरोप खरा आहे, तो आईबापांवर आला आहे.

गोळ्यावरचा गळ

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हा लेख लिहिला तिच्याकडे वळतो.

दुसऱ्या पावसाळ्यात खाणीत दोन गोळे होते, एक उत्तरेच्या कोपऱ्यात व एक पाणकणसाजवळ. दोन्ही साधारण एकाच वयाचे, दहा-बारा दिवसांचे. एका रविवारी काही हौशी तरुण चक्रीच्या काठ्या व रबरी बेडूक घेऊन आले. त्यांनी उत्तरेच्या गोळ्यावर बेडूक टाकून ओढायला सुरुवात केली. दहा मिनिटांत एक मरळ आली. दुसरी जागा सोडून गेली नाही. तासाभराने तीही आली. दोन्ही मासे मोठे होते. त्यांनी फोटो काढले आणि ते निघून गेले. त्यांनी कोणताही नियम मोडला होता असे मला म्हणता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी पाण्यात उतरलो तेव्हा गोळा जागेवर होता, पण सैल झाला होता. भोवती चिलापी जमली होती. त्यापूर्वी ती दहा फुटांच्या आत कधी आली नव्हती. खंड्या पक्षी वरच्या फांदीवरून पुन्हा पुन्हा सूर मारीत होता. तिसऱ्या दिवशी तीन लहान पुंजके उरले. पाचव्या दिवशी शोधूनही काही सापडले नाही. पाणकणसाजवळच्या गोळ्याचे दोन्ही राखणदार शाबूत होते. तो गोळा पुढे तीन आठवडे टिकला. पिल्ले दोन इंचांची झाली, तांबडा रंग जाऊन हिरवट-तपकिरी झाली आणि हळूहळू पांगली. दोन गोळ्यांवरून शास्त्रीय सिद्धांत मांडता येत नाही हे मान्य. पण पाण्याखाली जे दिसले त्याचा अर्थ लावायला फार मोठ्या बुद्धीची गरज नव्हती.

गळाला लागलेली ती मरळ भुकेने लागली नव्हती. बेडूक आपल्या पिल्लांवर आला म्हणून ती धावली. पौषात चार हात सरकायला तीन श्वासांइतका वेळ घेणारा, वर येताना देठाआड थांबणारा हा सावध प्राणी विणीच्या महिन्यात सावधपणा बाजूला ठेवतो. त्याची हीच वृत्ती गळाच्या कामी येते. म्हणून गोळ्यावर मरळ मारण्यात कौशल्यही नाही.

आमच्या गावी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे एक वयोवृद्ध भोई गृहस्थ आहेत. त्यांना मी विचारले, "तात्या, गोळा दिसला की तुम्ही काय करता?"

ते म्हणाले, "जाळं उचलून पल्याड जातो. गोळ्यावरची मरळ धरू नये, पोरा. एक मरळ मिळंल, पण मागं हजार पोरकी व्हत्यात. मग पुढल्या साली काय, दगुड धरायचा?"

हा नियम कोठेही लिहिलेला नाही. १८९७ सालच्या मत्स्यव्यवसायाच्या कायद्याने सुरुंग लावून वा विष घालून मासे मारण्यास बंदी घातली, पण गोळ्याविषयीचा हा नियम तात्यांसारख्यांच्या तोंडीच राहिला. ज्यांचे पोट मासळीवर आहे त्यांनी तो पाळला, आणि ज्यांची ती रविवारची करमणूक आहे त्यांना तो कोणी सांगितलाच नाही.

दोन देश, दोन न्याय

याच कुळातील एका माशाची अमेरिकेतील कथा येथे सांगण्यासारखी आहे. २००२ साली मेरिलँड राज्यातील क्रॉफ्टन या गावच्या एका तळ्यात चिनी जातीची मरळ सापडली. खाण्यासाठी जिवंत विकत आणलेले मासे कोणीतरी त्या तळ्यात सोडले होते, आणि त्यांची पिल्लावळ झाली होती. तेथील मत्स्यखात्याने त्या तळ्यात विष टाकून सर्व मासे मारले. त्याच वर्षी या कुळातील जिवंत मासे देशात आणण्यास व एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास बंदी करण्यात आली. तरीही २००४ मध्ये पोटोमॅक नदीत हा मासा आढळला, आणि तेथे तो आता स्थिरावला आहे. तेथे हा मासा दिसला की मारावा असे सरकारच सांगते.

मग तेथे जो वध्य तो येथे रक्षणीय कसा? उत्तर माशात नाही, जागेत आहे. तेथील माशांना या शिकाऱ्याची सवय नाही; त्याची पिल्ले आवरणारे शत्रूही तेथे हवे तसे नाहीत. आपल्याकडे मरळ, तिचे भक्ष्य आणि तिचे शत्रू दीर्घकाळ एकमेकांसोबत वाढले आहेत. येथे उपरा कोणी असेल तर तो चिलापी. मूळची आफ्रिकेतली ही जात १९५२ साली भारतात आणली गेली आणि भराभर वाढून तळी व्यापून बसली. तिच्या पिल्लांना आवर घालणाऱ्या थोड्या देशी माशांत मरळ आहे. दुसरा उपरा म्हणजे आफ्रिकी मांगूर. तो पाळण्यास २००० साली बंदी झाली, तरी तो चोरून पाळला जातो आणि पुरात नदीनाल्यांत शिरतो. तात्पर्य, शिकारी प्राणी मुळात चांगला किंवा वाईट नसतो. तो कोठे आहे आणि कोणासोबत आहे, हे पाहावे लागते.

मरळीवर संकटे थोडी आलेली नाहीत. १९८८ साली ईशान्य भारतात एका बुरशीजन्य रोगाची साथ सुरू झाली व ती देशभर पसरली. माशांच्या अंगावर खोल जखमा पडत. या रोगाचा तडाखा मरळीच्या कुळाला फार बसला. शेजारच्या तेलंगणाने २०१६ मध्ये याच माशाला राज्यमाशाचा मान दिला. दरवर्षी मृगाच्या सुमारास हैदराबादेस दम्यावर औषध म्हणून मरळीचे जिवंत पिल्लू गिळण्यासाठी हजारो लोक जमतात; आपल्या मराठवाड्यातूनही जातात. त्या औषधाला वैद्यकशास्त्राचा आधार नाही. मान असो वा श्रद्धा, दोन्हींसाठी मरळ पाण्यात शिल्लक राहिली पाहिजे.

समारोप

या अभ्यासातून मी जे शिकलो ते थोडक्यात असे. 'क्रूर', 'खादाड', 'पिल्लेखाऊ' ही तिन्ही विशेषणे काठावरून दिली गेली होती. पाण्याखाली त्यांतले एकही टिकले नाही. तेथे एक संयमी शिकारी दिसला, श्वासासाठी जीव धोक्यात घालून वर येणारा एक प्राणी दिसला, आणि महिनाभर आळीपाळीने पहारा करणारे एक जोडपे दिसले.

आपल्या महाविद्यालयातील अनेक विद्यार्थी तळ्याकाठच्या, नदीकाठच्या गावांतून येतात. त्यांना माझी विनंती एवढीच आहे. ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत पाण्यावर तांबडा गोळा दिसला तर त्यावर गळ टाकू नये, आणि टाकणाऱ्यास त्याचे कारण समजावून सांगावे. गोळा पांगायला एक-सव्वा महिना लागतो. तेवढा काळ थांबल्याने कोणाचे पोट रिकामे राहत नाही. घरच्या हौदातला मांगूर ओढ्यात सोडू नये. आणि गावातील जुनी खाण म्हणजे राडारोडा टाकण्याचा खड्डा, असे ग्रामसभेत कोणी म्हटले, तर तिच्यात काय राहते हे उठून सांगावे.

त्या रविवारी आलेल्या तरुणांपैकी दोघे पुढे भेटले. मी त्यांना पाचव्या दिवसापर्यंतच्या नोंदी दाखविल्या. त्यांतील एकाने विचारले, "हे आम्हांला आधी कोणी का नाही सांगितलं?" प्रश्न रास्त होता. येत्या पावसाळ्यात खाणीच्या काठावर तात्यांचा नियम मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलेली एक पाटी लावण्याचे आम्ही तिघांनी ठरविले आहे. पाटीवरचा मजकूर तात्यांनीच सांगावा, असे त्यांना विचारून ठेवले आहे.